हाड सांधले, मनाचे काय?

सातारा जिल्ह्यात सैन्याशी नाते नसलेले गाव शोधावेच लागेल. अपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचाच चिकटला आहे. त्यामुळे आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वर्षभर कोणी ना कोणी जवान येतच असतो. कोणाचा गुडघा दुखावलेला, कोणाची कंबर धरलेली, कोणाच्या नडगीच्या हाडात सळई घातलेली. मोठा उपचार लष्करी रुग्णालयात झालेला असतो. आजारपणाच्या रजेवर घरी आल्यावर गोळ्या, मलमपट्टी आणि चार धीराचे शब्द यांसाठी ते आमच्याकडे येतात.

या रुग्णांत एक गोष्ट वारंवार दिसते. दोन जवानांना जवळजवळ सारखीच दुखापत झालेली असते. शस्त्रक्रियाही सारखीच. एक जण ठरल्या वेळी पलटणीत रुजू होतो. दुसऱ्याचा एक्स-रे पाहावा तर हाड सुरेख सांधलेले, जखम कोरडी, पण पाय काही जमिनीवर भरवशाने टेकत नाही. घरचे म्हणतात, 'ऑपरेशन बिघडले असेल.' शेजारी म्हणतात, 'परत जायचे नसेल.' बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. हाडाचा उपचार पूर्ण झालेला असतो, भीतीचा उपचार मात्र कोणी सुरूच केलेला नसतो. आज त्याविषयीच बोलू.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. दुखण्यात मनाचा भाग आहे असे डॉक्टर म्हणाले, म्हणजे रुग्ण सोंग करतो असा त्याचा अर्थ नव्हे. मनामुळे वाढलेले दुखणेही तितकेच खरे दुखत असते.

वेदना कशी ठरते?

आपली समजूत अशी असते की जखम जेवढी मोठी तेवढी वेदना मोठी. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. जखमेच्या जागेहून मज्जातंतू मेंदूकडे संदेश नेतात. तो संदेश किती गंभीर मानायचा हे मेंदू ठरवतो. त्या वेळी मनात काय चालले आहे, झोप झाली आहे का, या जखमेमुळे पुढे काय होणार, या सगळ्याचा विचार त्यात आपोआप होतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण युद्धभूमीवरचेच आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. अंगावर मोठमोठ्या जखमा असलेले अनेक सैनिक पूर्ण शुद्धीवर असूनही वेदनाशामक औषध नको म्हणत, हे पाहून ते चकित झाले. १९५६ मध्ये त्यांनी या सैनिकांची तुलना शस्त्रक्रिया झालेल्या सामान्य नागरिकांशी केली. सैनिकांपैकी सुमारे ३२ टक्के, तर नागरिकांपैकी सुमारे ८३ टक्के लोकांनी वेदनाशामक औषध मागितले होते. नागरिकांच्या जखमा सैनिकांच्या मानाने लहान होत्या. बीचर यांनी लावलेला अर्थ असा की, सैनिकाच्या दृष्टीने ती जखम म्हणजे जीव वाचून आघाडीवरून सुटका होती, तर नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे सुरळीत आयुष्यावर आलेले संकट होते.

आता हीच गोष्ट पुढे नेऊन पाहा. रणांगणावर ज्या सैनिकाला जखम फारशी दुखत नव्हती, त्याच सैनिकाला चार महिन्यांनी घरच्या खाटेवर ती जास्त दुखू शकते. कारण आता जखमेचा अर्थ बदललेला असतो. नोकरी राहील का, बढती मिळेल का, मुलांचे कसे होईल, हे प्रश्न त्या गुडघ्याला येऊन चिकटलेले असतात.

भीतीचे चक्र

दुखापतीनंतर सुरुवातीचे काही दिवस वेदना हा आपला पहारेकरी असतो. तो ओरडतो म्हणून आपण पाय जपतो आणि जखम भरते. पुढे जखम भरत येते, तरी पहारेकऱ्याची ओरडण्याची सवय जात नाही. साधी हालचाल केली तरी तो धोक्याची शिट्टी वाजवतो. येथे दोन वाटा फुटतात.

एका वाटेने जाणारा रुग्ण म्हणतो, 'दुखतंय, पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.' तो थोडे थोडे चालतो. काही झाले नाही हे मेंदूला समजते आणि शिट्टी हळूहळू मंद होते.

दुसऱ्या वाटेने जाणारा म्हणतो, 'दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटत असणार.' तो हालचाल टाळतो. पाय वापरला नाही की दोन-तीन आठवड्यांतच मांडीचा स्नायू बारीक होऊ लागतो. गुडघ्याच्या दुखापतीत तर आणखी एक अडचण असते. सांध्यात थोडे पाणी झाले तरी मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला दिला जाणारा हुकूम आपोआप कमी करते. स्नायू दुबळा झाला की गुडघा डगमगतो. डगमगला की भीती वाढते. भीती वाढली की हालचाल आणखी कमी होते. हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहते आणि एक्स-रेमध्ये त्यातले काहीच दिसत नाही.

गुडघ्याचे लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंचा बराच अभ्यास झाला आहे. गुडघा चांगला असूनही जे मैदानावर परतले नाहीत, त्यांच्या कारणांत पुन्हा दुखापत होण्याची भीती हे कारण ठळकपणे पुढे आले. जवानाचे काम तर खेळाडूपेक्षा अवघड. पाठीवर ओझे, पायाखाली दगडधोंडे आणि घसरला तर सोबत्यांचाही जीव धोक्यात.

याशिवाय ताणाचा परिणाम जखम भरण्याच्या वेगावरही होतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर छोटीशी जखम करण्यात आली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या दिवसांत तीच जखम भरायला सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागला. सततच्या काळजीने शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि दुरुस्तीचे काम मंदावते. झोप कमी झाली तर वेदना सहन करण्याची शक्तीही कमी होते.

जवानाचे ओझे वेगळे असते

शेतकरी, शिक्षक, वाहनचालक यांनाही दुखापती होतात. मग जवानाचा वेगळा विचार कशासाठी?

पहिले कारण असे की शरीर हेच त्याचे हत्यार असते. भरतीच्या मैदानापासून त्याने धावूनच आपली जागा मिळवलेली असते. पाय अधू झाला की 'मी आता कोण?' हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

दुसरे कारण म्हणजे वैद्यकीय श्रेणी. सैन्यात जवानाची वैद्यकीय श्रेणी ठरवली जाते. दुखापतीनंतर ती खाली येते आणि काही कामांवर बंधने येतात. ही श्रेणी बहुधा प्रथम तात्पुरती दिली जाते आणि ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. पण 'श्रेणी घसरली' हे शब्द ऐकताच अनेकांना सारे संपले असे वाटते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवेची मुदत चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करण्याची तरतूद ठेवली गेली. अशा तरुणाच्या पायाला चीर गेली तर त्याला एकेक आठवडा मोजावासा वाटतो, यात नवल नाही.

तिसरे कारण पहिल्या दोहोंच्या अगदी उलट आहे. ते म्हणजे दुखणे लपवणे. प्रशिक्षणात रोज धावणाऱ्या, कवायत करणाऱ्या जवानांच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी बारीक चीर जाते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. वेळेवर सांगितले तर बहुतेकदा काही आठवड्यांच्या विश्रांतीने ती भरते. पण 'दुखतंय म्हणालो तर कच्चा ठरेन, तुकडी पुढे जाईल, मी मागे राहीन' या भीतीने मुलगा दात खाऊन धावत राहतो आणि चिरेचे मोठे फ्रॅक्चर होते. म्हणजे भीती दोन्ही बाजूंनी नुकसान करते. दुखापतीआधी ती थांबू देत नाही आणि दुखापतीनंतर उठू देत नाही.

चौथे कारण एकटेपणाचे. पलटण हे जवानाचे दुसरे घर असते. सोबती वर चौकीवर आणि आपण गावात खाटेवर, याची त्याला लाज वाटते. त्याच घटनेत एखादा सोबती दगावला असेल, तर 'तो गेला, मी का राहिलो?' हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. मग कॅन्टीनची बाटली जवळची वाटू लागते. दारूने झोप लागल्यासारखे वाटते, पण ती झोप तुटक असते. तंबाखू आणि सिगारेटचे तर हाडाशीच वैर आहे. त्यांनी हाड सांधायला उशीर लागतो.

एक उदाहरण

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. अठ्ठावीस वर्षांचा एक नाईक. डोंगराळ भागात गस्तीवर असताना घसरून उजव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. लष्करी रुग्णालयात उत्तम शस्त्रक्रिया झाली. पाचव्या महिन्यात तो रजेवर गावी आला. सोबत वडील होते. म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, पोरगं घरात कुबडीबिगर हालत न्हाई. काहीतरी इंजेक्शन द्या.'

गुडघा तपासला. सूज नव्हती. तो पूर्ण वाकत होता, सरळही होत होता. मांडीचा घेर टेपने मोजला तर उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक. पायरी चढताना तो प्रत्येक वेळी डावाच पाय पुढे टाकत होता. 'उजवा का नाही टाकत?' असे विचारले, तर खाली पाहत म्हणाला, 'साहेब, पाय टाकला की तीच उतरण दिसते.'

पुढे हळूहळू बाकीचे कळले. रात्री जेमतेम तीन तास झोप. बढतीसाठी लागणाऱ्या अभ्यासक्रमाला बरोबरीचे सोबती गेले, याचा निरोप आल्यापासून त्याने मित्रांचे फोन घेणे सोडलेले. आई जेवणाचे ताट खाटेवर आणून देई, पाण्याचा तांब्याही हाताशी ठेवी. व्यायामाचा कागद बॅगेत घडी घालून तसाच.

इंजेक्शनची गरज नव्हती. त्याच्या कागदावर लष्करी रुग्णालयाने व्यायामाच्या पायऱ्या व्यवस्थित लिहून दिल्या होत्या. मला त्यात काही भर घालायची नव्हती, फक्त तो कागद बॅगेतून बाहेर काढायचा होता. प्रथम त्याला गुडघ्याचे चित्र काढून दाखवले आणि स्नायू दुबळा असल्यामुळे पाय डगमगतो, नवे लिगामेंट तुटल्यामुळे नव्हे, हे समजावले. मग घराच्या तीन पायऱ्या ठरवल्या. उजवा पाय पुढे टाकून, कठड्याला धरून, सकाळी पाच वेळा आणि संध्याकाळी पाच वेळा. दुखो वा न दुखो, सहावी वेळ करायची नाही. दर तीन दिवसांनी दोन वेळा वाढवायच्या. वहीत रोज लिहायचे.

या हिशेबात एक मर्म आहे. 'दुखेपर्यंत करा' असे सांगितले तर रुग्णाचे सगळे लक्ष दुखण्याकडे राहते. 'इतक्या वेळा करा' असे सांगितले तर लक्ष कामाकडे जाते. बऱ्या वाटणाऱ्या दिवशी हुरूप येऊन दुप्पट करायचे आणि दुसऱ्या दिवशी झोपून राहायचे, हा प्रकारही त्यामुळे टळतो.

दुसऱ्या आठवड्यात कुबडी दाराआड गेली. चौथ्या आठवड्यात तो शेताच्या बांधावरून चालला. सहाव्या आठवड्यात मांडीचा घेर एक सेंटिमीटरने भरला आणि झोप सहा तासांवर आली. रजा संपवून तो परत गेला तेव्हा त्याची श्रेणी अजून तात्पुरती खालचीच होती. अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्ण धावपळीला साधारण नऊ महिने किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. पण गाडीत बसताना त्याने उजवा पाय पुढे टाकला, हे वडिलांनी मला मुद्दाम येऊन सांगितले.

शब्द जपून वापरावेत

यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. कंबरदुखीच्या जवानाला 'मणका झिजलाय', 'गादी सरकलीय' असे घाईत सांगितले, की तो जन्मभर वाकायला घाबरतो. २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा वीस वर्षांच्या तरुणांपैकीही सुमारे ३७ टक्के जणांच्या तपासणीत मणक्यांमधील गाद्यांची झीज दिसते, असे त्यात आढळले. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे छायाचित्रातली झीज ही पुष्कळदा केसांच्या पांढरेपणासारखी असते. रिपोर्ट वाचून घाबरू नये. त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारून घ्यावा.

घरच्यांनी काय करावे?

माया करावी, पण पाय वापरू द्यावा. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच असू द्यावा आणि त्याने तो उठून घ्यावा. 'उठू नकोस बाळा' याऐवजी 'चल, देवळापर्यंत जाऊन येऊ' असे म्हणावे. दर तासाला 'दुखतंय का?' विचारू नये. 'आज किती पायऱ्या झाल्या?' हे विचारावे.

याच्या उलट, 'मर्द गडी असून रडतोस काय' असे म्हणून त्याला टोचू नये. दुखणे लपवण्याची सवय त्याला आधीच असते. पारावर भेटणाऱ्यांनीही 'परत कधी जाणार?' आणि 'पेन्शन किती बसेल?' हे दोन प्रश्न आवरते घ्यावेत. आणि एक महत्त्वाचे. ताजे फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया झालेला सांधा कोणाकडूनही चोळून, ओढून घेऊ नये.

जवानाने स्वतः काय करावे?

१. रुग्णालयातून निघताना तीन प्रश्न विचारून घ्यावेत. आता काय केलेले चालेल? काय टाळायचे? कोणत्या महिन्यात काय अपेक्षित आहे? उत्तरे लिहून आणावीत.

२. व्यायाम घड्याळावर किंवा मोजून करावा. त्या दिवशी मन कसे आहे यावर तो अवलंबून ठेवू नये. व्यायामानंतर दुखणे थोडे वाढून दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर आले, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. ते चढतच राहिले किंवा सूज आली, तर प्रमाण कमी करून डॉक्टरांना विचारावे.

३. ज्या हालचालीची भीती वाटते तिचे लहान तुकडे करावेत. उतरणीची भीती असेल तर आधी एक पायरी, मग जिना, मग अंगणाचा उतार, मग टेकडी.

४. सोबत्यांशी बोलणे तोडू नये. आठवड्यातून एकदा तरी पलटणीतल्या मित्राला फोन करावा.

५. झोपेची वेळ ठरवावी. दारू आणि तंबाखू या काळात तरी पूर्ण बंद ठेवावीत.

६. श्रेणी, बढती, पेन्शन यांविषयी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये. आपल्या युनिटमध्ये किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. नेमकी माहिती मिळाली की निम्मी काळजी आपोआप उतरते.

सगळेच मनावर ढकलू नये

काही लक्षणे दिसली तर 'भीती असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. ताप आणि जखमेतून स्राव, पोटरी अचानक सुजून दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, पाय बधिर किंवा लुळा पडणे, कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणे, रात्री विश्रांतीतही वाढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

त्याचप्रमाणे दोन-तीन आठवडे सतत उदास वाटणे, झोप न लागणे, तीच घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दचकणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची कारणे आहेत. जीव देण्याचे बोलत असेल तर एक दिवसही थांबू नये, त्याला एकटे सोडू नये. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. यात कमीपणा नाही. मोडलेल्या हाडासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायला आपण लाजतो का?

शेवटी एक नाव सांगतो. शेजारच्या सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. ते मूळचे मुष्टियोद्धे. तो मार्ग बंद झाल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र त्यांचे नाव घेऊन जखमी मुलाला 'बघ, ते करू शकले, तुला काय झालंय?' असे कोणी म्हणू नये. सुवर्णपदक प्रत्येकाला मिळणार नाही आणि प्रत्येक जण पुन्हा पलटणीत जाईलच असेही नाही. त्यांच्या उदाहरणातून एवढेच घ्यावे की शरीराचा जो भाग चालतो आहे, त्याला रोज काम दिले तर माणूस पुढे सरकतो.

रजेवर आलेला जवान तुमच्या घरी असेल, तर आज संध्याकाळी त्याचा व्यायामाचा कागद बॅगेतून काढून भिंतीवर लावा, आणि पहिले काही दिवस त्याच्याबरोबर तुम्हीही चाला.